दुपारची रीडिंगं

काटेबाईंचं आडनाव काटे नव्हतं. कामात काटेकोर म्हणून कोणीतरी एकदा गमतीनं तसं म्हटलं आणि ते जे चिकटलं ते कायमचंच. नवीन लागलेली माणसं महिना-दोन महिने ते आडनावच समजायची. एकानं तर हजेरीच्या यादीत काटे सापडत नाहीत म्हणून कार्यालयात तक्रारही केली होती. बाईंनी कोणाचीच समजूत कधी दुरुस्त केली नाही. "हाक मारली की मी ओ देते ना? मग झालं," म्हणायच्या.

आमची कंपनी बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर बनवायची. मी त्याच्या खोक्यावरचा मजकूर आणि आतली माहितीपुस्तिका लिहायचो. बाई तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत त्या सॉफ्टवेअरचा वेग मोजायच्या. एकोणीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. त्याआधी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. मुलांची रीडिंगं तपासून तपासून त्यांना एक खोड लागली होती. कोणी एकच रीडिंग घेऊन आलं की त्या कागदाकडे बघायच्याच नाहीत. "एक रीडिंग म्हणजे ऐकीव गोष्ट," म्हणायच्या. "अजून एकोणीस आण, मग बोलू."

त्या खोलीत मशीनं तापू नयेत म्हणून एसी कायम अठरावर. बाई स्वेटर, वरून शाल आणि पायात जाड मोजे घालून बसायच्या. बाहेर उन्हानं डांबर मऊ झालेलं असायचं आणि आत ह्या दोन्ही हात चहाच्या कपाभोवती गुंडाळून. मी गेलो की म्हणायच्या, "ये, बस. कुडकुड थोडा."

दमलेल्या असायच्या. हे मी आत्ता, मागे वळून बघताना म्हणतो. तेव्हा मला ते त्यांचं तोंडच तसं वाटायचं. घरी यजमान होते. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची कंबर गेली होती, त्यामुळे सकाळचं सगळं बाईंनाच उरकावं लागायचं. मग दोन बस बदलून कामावर. बसल्या की आधी डोळे मिटून एक मिनिट नुसत्या गप्प बसायच्या, आणि मग वही उघडायच्या.

त्या वर्षी बत्तीस प्रोसेसरचं नवीन मशीन आलं. तोवर आमचं सॉफ्टवेअर आठ प्रोसेसरांवर चालत होतं. आता बत्तीस जण मिळून एकच डाव सोडवणार, म्हणून सगळ्या कंपनीत उत्साह होता. मुख्य प्रोग्रामर तर जमिनीवर नव्हताच. मान लांब म्हणून त्याला आम्ही उंट म्हणायचो, आणि बुद्धिबळाच्या कंपनीत ते नाव शोभायचंही. त्यानं पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर चालवून बघितलं आणि धावत वर आला.

"अठ्ठावीसपट! एका प्रोसेसरपेक्षा अठ्ठावीसपट पोझिशन्स बघतोय सेकंदाला!"

साहेबांनी तिथेच मला हाक मारली. साहेब म्हणजे कंपनीचे मालक, मोठ्या आवाजाचे, पण मनानं वाईट नव्हेत. "लिहून घे. अठ्ठावीसपट वेगवान. खोक्यावर, मोठ्या अक्षरात. पुढच्या महिन्यात प्रदर्शनात हेच लावायचं."

मी लिहून घेतलं. पण नियम असा होता की वेगाचा कुठलाही आकडा छापायचा तर मोजणीच्या कागदावर काटेबाईंची सही हवी. म्हणून मी कागद घेऊन खाली गेलो.

बाईंनी तो वाचला आणि बाजूला ठेवला.

"अठ्ठावीसपट काय?"

"वेग, बाई."

"कशाचा वेग? अरे, घरात किल्ली हरवली आणि बत्तीस माणसं शोधायला लागली, तर सेकंदाला उघडलेले खण होतील अठ्ठावीसपट. पण त्यातले अर्धे खण आधीच दुसऱ्यानं उघडून बघितलेले. किल्ली किती लवकर सापडली ते सांग मला. लोक किल्लीसाठी घेतात हे, खणांसाठी नाही."

हे मला पटलं. मग त्यांनी मोजायचं ठरवलं. तीस अवघड पोझिशन्स घ्यायच्या, अशा की ज्यांत जिंकणारी चाल एकच आहे. ती चाल सापडून पक्की व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. आता यात एक गोम होती. एका प्रोसेसरवर दर वेळी जवळजवळ तेवढाच वेळ लागायचा. पण बत्तीस प्रोसेसर एकत्र लागले की कोण आधी कुठे पोचेल याचा नेम नाही. तीच पोझिशन, तेच मशीन, आणि एकदा सात सेकंद, एकदा एकोणीस, एकदा अकरा. त्यामुळे प्रत्येक पोझिशन वीस वेळा, दर वेळी आधीची मेमरी साफ करून. म्हणजे झाल्या सहाशे फेऱ्या. उंटानं त्या आपोआप चालाव्यात अशी सोय करून दिली. बाई तरी जागा सोडायला तयार नाहीत. प्रत्येक पोझिशनच्या सुरुवातीची वेळ त्या हातानं वहीत लिहायच्या. "मशीन स्वतःबद्दल सांगतं ते वेगळं, आणि भिंतीवरचं घड्याळ सांगतं ते वेगळं," म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर एसी बंद पडला.

दुरुस्त करणारा संध्याकाळशिवाय येणार नव्हता. मी खाली गेलो तर बाईंची शाल खुर्चीच्या पाठीवर, स्वेटर मांडीवर, आणि त्या वहीत बोट ठेवून बसलेल्या.

"थांबवायचं का, बाई?"

"नको. हे बघ."

मी बघितलं. एसी गेल्यापासून बत्तीस प्रोसेसरची रीडिंगं घसरत गेली होती. पाचवा हिस्सा वेग कमी झाला होता. मशीन तापलं की स्वतःला जपण्यासाठी हळू चालायला लागतं, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. मधे त्यांनी एका प्रोसेसरचं रीडिंग घेतलं, तर त्याच्यात फारसा फरक नव्हता. एकटा राबतो तेव्हा मशीन तितकं तापतच नाही.

"म्हणजे दुपारची टाकून द्यायची," मी म्हटलं. "एसी सुरू झाला की परत घेऊ."

बाईंनी मान हलवली, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "जुन्या इमारतीत आपल्याकडे एसी होता का रे?"

"कुठला? टेबलफॅन होता. तोही मान फिरवायचा नाही."

त्या उठल्या. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून नऊ वर्षांपूर्वीच्या दोन वह्या काढल्या, पिशवीत घातल्या आणि साहेबांना न सांगता घरी गेल्या. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं.

नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे आठ प्रोसेसरचं मशीन नवीन आलं होतं. आठ जणांना काम कसं वाटून द्यायचं याच्या तेव्हा दोन पद्धती होत्या. पहिली साहेबांनी बाहेरून आणलेली. दुसरी आमच्या मास्तरांची. मास्तर म्हणजे तेव्हाचे मुख्य प्रोग्रामर. नवीन पोरांना न कंटाळता शिकवत म्हणून मास्तर. त्या पद्धतीवर त्यांनी दोन वर्षं घालवली होती. कोणती ठेवायची ते ठरवायला साहेबांनी बाईंना मोजायला सांगितलं. बाईंनी आठवडाभर मोजलं. पहिली पद्धत साडेचारपटीच्या थोडी वर, आणि मास्तरांची चारपटीलाही पोचली नाही. साहेबांनी मास्तरांचं काम बाजूला ठेवलं. मास्तर काही बोलले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला.

त्या संध्याकाळी बाई घरी पलंगावर वह्या पसरून बसल्या. प्रत्येक रीडिंगसमोर वेळ लिहिलेली होती, त्यांच्याच हातची. सोमवारी सकाळी पहिली पद्धत, जेवणानंतर दुसरी. मंगळवारी सकाळी पहिली, जेवणानंतर दुसरी. आठवडाभर तसंच. एक नंबर आधी, दोन नंबर मग. नीटनेटकं. टेबलफॅनच्या खोलीत, ऐन उन्हाळ्यात, मास्तरांचं प्रत्येक रीडिंग तापलेल्या मशीनवर घेतलेलं.

यजमान कमरेला पट्टा बांधून दाराशी आले. "अगं, जेवायचं नाही का? काय झालं?"

"अहो, मी एका माणसाची नोकरी घालवली."

यजमान हळूहळू पलंगाच्या कडेवर टेकले. बाईंनी सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "दुपारी मोटार तापली की लिफ्टसुद्धा रखडते. सकाळी तीच लिफ्ट वाऱ्यासारखी जाते. पण म्हणून मास्तरांचं काम चांगलंच होतं असं कुठंय? मंद असेलही."

"ते मोजल्याशिवाय कसं कळणार?"

"मग मोज. आधी जेव."

दुसऱ्या दिवशी एसी सुरू झाला होता. बाईंनी आदल्या दुपारची रीडिंगं परत घेतली आणि बत्तीस प्रोसेसरची राहिलेली मोजणी संपवली. उत्तर आलं तेरापट. अठ्ठावीस नाही, तेरा. तो कागद त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "आता जुनं मशीन कुठे ठेवलंय ते दाखव."

ते सामानाच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली होतं. आम्ही दोघांनी ते बाहेर काढलं. आतून धुळीचे गोळे निघाले. उंटाला विचारल्यावर त्यानं जुन्या साठ्यातून मास्तरांचं सॉफ्टवेअर शोधून दिलं. चालू व्हायलाच दोन दिवस गेले. मग बाईंनी या वेळी क्रम ठरवलाच नाही. कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात टाकल्या, आणि जी निघेल ती पद्धत पुढे. खोलीचं तापमान प्रत्येक तासाला वहीत. चार दिवस हे चाललं. मी मधूनमधून जायचो. त्यांचे डोळे लाल झालेले असायचे, आणि एकदा तर त्या चिठ्ठी हातात धरून बसल्या बसल्या झोपलेल्या मला दिसल्या. हाक मारली नाही. मशीनचं काम सुरू होतं.

पहिली पद्धत चार पूर्णांक सात दशांश पट. मास्तरांची पाच पूर्णांक सहा दशांश.

बाईंनी वही मिटली. "चांगली होती," म्हणाल्या. एवढंच.

इकडे खोक्याचा मजकूर अडला होता. साहेबांनी आम्हा तिघांना, म्हणजे बाई, उंट आणि मला, वर बोलावलं.

"बाई, अठ्ठावीस मी सगळ्यांना सांगून बसलोय. तुमचा तेरा आला कुठून?"

बाईंनी किल्ली आणि खणांचं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. "पण अठ्ठावीस खोटा आहे का?"

"खोटा नाही. तो खणांचा आकडा आहे. 'अठ्ठावीसपट वेगवान' असं लिहिलंत तर खोटा होतो."

साहेबांनी कागद परत वाचायला घेतला. तेवढ्यावर थांबलं असतं. पण बाईंनी दुसरा कागद पुढे केला. जुन्या मोजणीचा. मला वाटलं, बाई, आत्ता नको. पण त्यांनी सगळं सांगितलं, उभ्यानंच, एका सुरात, हजेरी घेतल्यासारखं.

साहेब मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर मास्तरांचं वाईट वाटलेलं दिसलं, खोटं कशाला बोलू. पण मग ते म्हणाले, "म्हणजे तुमचा आकडा चुकतो."

"चुकला."

"मग हा तेरा चुकला नसेल कशावरून?"

बाईंनी तेराचा कागद पुढे ओढला.

"चुकलाही असेल," त्या म्हणाल्या. "म्हणूनच किती वाजता मोजलं, खोली किती गार होती, किती वेळा मोजलं, सगळं खाली लिहिलंय. कोणीही परत मोजावं. पण अठ्ठावीसवर मी सही करणार नाही."

"मग उंट करेल," साहेब म्हणाले.

उंटानं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. आणि सही केली. मी खोक्यावर लिहिलं: 'अठ्ठावीसपट वेगवान विश्लेषण'. विश्लेषण हा शब्द मी माझ्या मनानं घातला होता. त्यामुळे थोडं खरं होईल असं मला वाटलं. बाईंना खोकं दाखवलं तेव्हा त्यांनी वाचलं, उलटं करून मागची बाजूही वाचली, आणि परत दिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी दुपारी त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तर आता एका वाचनालयात अर्धा वेळ काम करत. घरी टेबलावर पुस्तकांचा ढीग घेऊन ते त्यांच्या पाठीला क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. दार उघडून म्हणाले, "अरे वा, काटेबाई! या, या. डिंकाला हात लावू नका."

पाणी झालं, चौकशा झाल्या. मग बाईंनी कागद दिला. "मास्तर, तुमची पद्धत मंद नव्हती. मी चुकले."

मास्तरांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद दोनदा वाचला.

"किती पोझिशन्स?"

"तीस."

"प्रत्येक किती वेळा?"

"वीस."

"मेमरी दर वेळी साफ केलीत?"

"केली."

"मग बरोबर आहे." त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली. "पाच पूर्णांक सहा. मला घरी मोजताना साधारण असंच वाटायचं. लहान मशीन होतं माझं, पण कल दिसायचा."

"मग बोलला का नाहीत हो?"

"काटेबाईंचा आकडा आल्यावर काय बोलायचं? मला वाटलं, माझंच मोजणं चुकतंय." ते हसले, पण हसू टिकलं नाही. "रागबिग नव्हता तुमच्यावर. स्वतःवरचाच भरवसा उडाला. पुढे दोन ठिकाणी बोलावणं आलं, मी गेलो नाही. म्हटलं, आपल्याला ज्याची खात्री वाटते तेच नेमकं चुकीचं निघतं, तर जायचं कशाला?"

"मला सांगायचं होतंत. मी परत मोजलं असतं."

"मोजलं असतंत. पण कोणत्या क्रमानं?"

बाई म्हणाल्या, "त्याच."

मग बाईंनी एक पुस्तक ओढलं आणि चिठ्ठी चिकटवली. मास्तर म्हणाले, "वाकडी लागली." त्यांनी ती सोलून परत लावली. असं करत त्यांनी अर्धा ढीग संपवला.

निघताना मास्तर म्हणाले, "एकदा चालताना बघायला मिळेल का? नुसतं बघायचंय."

पुढच्या बुधवारी ते आले. साहेबांनी दारापर्यंत येऊन नमस्कार केला, "मास्तर, माफ करा," म्हणाले आणि फोन आला म्हणून निघून गेले. उंटाला मास्तरांच्या पायाशी बसून चार गोष्टी विचारायच्या होत्या. त्यानं आदल्या दिवशीच मास्तरांची पद्धत बत्तीस प्रोसेसरच्या मशीनवर बसवून बघितली होती. काही फरक पडला नव्हता; तेराचे तेराच. आठ जणांसाठी केलेली वाटणी बत्तीस जणांना पुरत नाही. हे सांगताना तो चाचरला. मास्तर म्हणाले, "अरे, नाहीच पुरणार. नऊ वर्षं झाली त्याला. तेव्हा उपयोग झाला असता."

मग ते जुन्या मशीनसमोर बसले. बाईंनी त्यांच्या अंगावर आपली शाल टाकली. पडद्यावर एक पोझिशन आली, आकडे पळायला लागले, नऊ सेकंदांनी चाल सापडली. दुसरी आली. मास्तर मधेच पुटपुटायचे, "हत्ती नाही, हत्ती नाही... घोडा," आणि घोडाच निघायचा. तास-दीड तास दोघं तसेच बसून होते. चार वाजता मास्तर उठले, शालीची घडी करून खुर्चीवर ठेवली आणि बसनं गेले.

खोकी छापून आली, प्रदर्शन झालं. अठ्ठावीसबद्दल कोणी तक्रार केली नाही. तेराचा कागद फायलीत गेला. त्याच्या मागे बाईंनी जुन्या मोजणीची दुरुस्ती टाचून ठेवली आणि एक प्रत मास्तरांना टपालानं पाठवली. साहेबांनी सहीचा नियम रद्द केला नाही, पण पुढच्या वेळी कागद खाली गेलाच नाही. सरळ उंटाकडे गेला.

मी एकदा विचारलं, "बाई, आता कशासाठी मोजायचं?"

त्यांनी पायातले मोजे वर ओढले. "दोन वर्षं राहिलीत नोकरीची," म्हणाल्या. "दुसरं काही येत नाही मला." मग थोडं थांबून, "आणि नवीन आवृत्ती मंद झालीये. उंटाला अजून पत्ता नाही. तू सांगू नको, मी अजून सातच रीडिंगं घेतलीत."

मी वर आलो. त्या दिवशी साडेपाचला घरी जाताना मला त्या बसथांब्यावर दिसल्या. बाकावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, डोळे मिटलेले. त्यांची बस आली तेव्हा शेजारच्या बाईनं त्यांना हात लावून उठवलं. त्या दचकून उठल्या, धन्यवाद म्हणाल्या, आणि दांडा धरून सावकाश पायऱ्या चढल्या.